बनबीबी पालागान

पश्चिम बंगाल आणि बांगलादेश यांच्यात विभागलेल्या सुंदरबनातील संगीतप्रधान लोकनाट्य. सुमारे १०,००० चौ. किमी. पसरलेल्या या खारफुटीच्या जंगलात मध, लाकूड, मासे आणि खेकडे यांसाठी शिरणाऱ्यांची रक्षणकर्ती म्हणजे बनबीबी. हिंदू-मुसलमान दोघेही तिला मानतात. आपल्याकडच्या गोंधळ-जागरणाप्रमाणे हेही पूजेशी बांधलेले विधिनाट्य आहे.

कथेचा आधार ‘बनबीबी जहुरानामा’ ही पोथी. तिची छापील रूपे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्यांपैकी मुन्शी मोहम्मद खातेर यांची विशेष प्रसिद्ध आहे. पोथी बंगाली पद्यात असली, तरी तिची पाने अरबी ग्रंथासारखी उजवीकडून उलटतात.

पूर्वभागात मक्केच्या इब्राहिमची दुसरी बायको गोलालबीबी जंगलात टाकली जाते. तिथे तिला बनबीबी आणि शाह जंगली ही जुळी होतात. पुढे ही भावंडे ‘अठरा ओहोटींच्या मुलखात’, म्हणजे सुंदरबनात येतात, वाघाचे रूप घेणाऱ्या दक्षिण रायची आई नारायणी हिला बनबीबी युद्धात हरवते आणि मग तिलाच सखी करते.

लोक मात्र वाट पाहतात ती दुखेच्या कथेची. विधवेच्या या एकुलत्या पोराला धोना नावाचा नातलग मध गोळा करायला नेतो. मध आणि मेणाने नावा भरून देण्याच्या बदल्यात दक्षिण राय माणसाचा बळी मागतो. धोना दुखेला केंदोखाली नावाच्या ठिकाणी चिखलात सोडून निघून जातो. वाघ झेपावताना पोराला आईचे शब्द आठवतात, संकटात बनबीबीला हाक मार. ती येते, शाह जंगली दक्षिण रायला पिटाळतो आणि दुखे मगरीच्या पाठीवरून घरी परततो. इकडे रडून रडून आईची दृष्टी गेलेली असते. जंगलात रित्या हातांनी आणि निर्मळ मनाने जावे, गरजेपुरतेच घ्यावे, हा बनबीबीचा दंडक. म्हणूनच नाटकातला खरा गुन्हेगार मला वाघापेक्षा धोनाच वाटतो.

प्रयोग प्रामुख्याने पौष संक्रांतीच्या आसपास, पूजेला जोडून, उघड्यावर होतात. जुन्या पद्धतीत हातात चवरी घेतलेला मूळ गायक कथा गातो आणि साथीदार धृपद उचलतात. जात्रा या बंगाली लोकनाट्याच्या वळणाच्या प्रयोगात वेगवेगळे नट सोंगे घेतात. साथीला हार्मोनियम, ढोलक, खोल (मातीचा मृदंग) आणि झांजा असतात.

आईच्या विलापाला इथे वेगळेच वजन येते. नवरा जंगलात असेतो बायकोने केस विंचरू नयेत, सिंदूर लावू नये, अशी रीत अनेक घरांत होती. वाघाने नवरा नेलेल्या बाईला ‘बाघ-बिधबा’ म्हणतात. अपशकुनी ठरवून तिला दूर ठेवल्याची उदाहरणेही आहेत. परवान्याशिवाय किंवा व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात शिरून माणूस मारला गेला असेल, तर भरपाई मिळवणे कठीण असते, त्यामुळे काही कुटुंबे मृत्यूची नोंदच करत नाहीत. दुखे परततो, यांची माणसे परतत नाहीत.

पर्यटक निवासांतही हल्ली हा खेळ होतो. तिथे जन्मकथा आटोपती घेऊन किंवा गाळून दुखेचा भाग तासा-दीड तासात बसवतात, तेव्हा पहिली कात्री बहुधा गाण्यांना लागते.