धावण्याच्या वेळेवरून क्षमतेचा अंदाज : प्रशिक्षणार्थी व पालकांसाठी माहितीपत्रक

पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. मग आमच्या केंद्रात प्रवेशानंतर सगळ्यांच्याच १६०० मीटर आणि ५ किलोमीटर अशा दोन वेळा कशासाठी घेतात, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे.

धावणाऱ्याचा दम प्रयोगशाळेत प्राणवायूच्या वापरावरून मोजतात. ती सोय तालुक्याच्या गावी नसते, पण पूर्ण ताकदीने धावलेल्या अंतराची वेळ सरावापुरते तेच काम बऱ्यापैकी करते. अमेरिकी अभियंता पीटर रीगेल यांनी १९७७ साली मांडलेल्या सूत्रानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे २.०८ पट होते. या हिशेबाने १६०० मीटर ६ मिनिटे १० सेकंदांत धावणाऱ्या मुलाने ५ किलोमीटर साधारण २० मिनिटे ४० सेकंदांत संपवायला हवे. त्याला साडेबावीस मिनिटे लागत असतील, तर पायांत वेग आहे, पण दम पुरत नाही, असे आम्ही धरतो आणि ४०० मीटरचे वेगवान फेरे कमी करून आठवड्यातून चार दिवस किलोमीटरला पावणेसहा ते सव्वासहा मिनिटे, म्हणजे सोबत्याशी बोलता येईल इतके सावकाश धावायला लावतो. मुलांना यात कमीपणा वाटतो. तरीही वेग आजच्या वेळेवरूनच ठरतो, भरतीत हव्या असलेल्या वेळेवरून नाही. दोन्ही वेळा सूत्राशी जुळल्या, तर वेगाचा सराव वाढवतो.

साडेतीन मिनिटांच्या आत संपणाऱ्या धावेला हे सूत्र लागू पडत नाही. त्यामुळे १०० मीटरचा अंदाज यातून निघत नाही, आणि मुलींचीही ८०० ऐवजी १६०० मीटरचीच वेळ घेतली जाते.

घरून वेळ मोजून आणणाऱ्यांनी मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेले अंतर कृपया धरू नये. शंभरात पाचाची चूक झाली, तरी वरच्या मुलाच्या वेळेत अठरा सेकंदांचा फरक पडतो. शाळेच्या मैदानावर टेपने मोजलेला फेरा चालतो.

चाचणी दर सहा आठवड्यांनी, सूर्योदयापूर्वी होते, कारण पारा ४४ अंशांवर जातो त्या दिवसांत उन्हात घेतलेली वेळ क्षमतेपेक्षा उन्हाचीच जास्त असते. आदल्या दिवशी कापूस वेचणीला किंवा फवारणीला गेलेल्यांनी तसे सांगावे. त्यांची चाचणी पुढच्या आठवड्यात, वेगळे शुल्क न घेता केली जाईल.