धुराड्याच्या तोंडाला चाळणी

गोव्यात फोंड्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीला लागून माझ्या आतेचं घर आहे. रात्री ती दोरीवर कपडे ठेवत नाही. ‘वीज वाचवायला रात्री मशीन बंद करतात ते,’ असं तिचं म्हणणं. सकाळी तुळशीच्या पानावरून बोट फिरवून दाखवते. बोटाला काळी रेघ. ते ‘मशीन’ म्हणजे ईएसपी, विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारी यंत्रणा.

धूर धुण्याची सुरुवात मात्र पाण्याने झाली. इंग्लंडात सोडा बनवताना मिठाच्या आम्लाची (हायड्रोक्लोरिक) वाफ सुटायची आणि आसपासची शेतं करपायची. विल्यम गॉसेज याने १८३६ मध्ये कारखान्याजवळची एक पडीक पवनचक्की घेतली, तिच्यात झाडोरा ठासला, वरून पाणी ठिबकत ठेवलं आणि त्यातून ही वाफ नेली. ओल्या फांद्यांना लागून आम्ल पाण्यात उतरलं. आजचा स्क्रबर, म्हणजे धूर धुणारं यंत्र, मुळात हाच, झाडोऱ्याच्या जागी प्लॅस्टिकच्या कड्या आल्या एवढंच. पुढे १८६३ च्या अल्कली कायद्याने निदान ९५ टक्के आम्ल पकडणं सक्तीचं केलं. पकडलेलं आम्ल बरेच जण खुशाल नदीत सोडत, म्हणजे हवेतली घाण पाण्यात. पुढे त्या आम्लातून क्लोरीन काढून ब्लीचिंग पावडर करता येऊ लागली, तेव्हा कुठे कारखानदारांना ते जपावंसं वाटलं.

कोरड्या धुळीसाठी १८८० च्या दशकात सायक्लोन आला. हवा गरगर फिरवायची, जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली पडतात. लाकडाच्या भुशाला हे पुरतं, पण बारीक कण निसटतात. त्यांच्यासाठी कापडी पिशव्या, म्हणजे बॅग फिल्टर. आपल्याकडे पावसाळ्यात त्यांचे हाल होतात. वायू वाटेत थंड झाला की पाणी सुटतं, धुळीची कणीक होते आणि झाडायला हवेचा कितीही झटका दिला तरी ती पिशवीपासून सुटत नाही.

विजेची गोष्ट जास्त रंजक. होल्फेल्ड याने १८२४ मध्ये जर्मनीत बरणीतला धूर विद्युतभारित तारेने खाली बसवून दाखवला होता. १८८५ मध्ये वेल्समधल्या शिशाच्या कारखान्यात तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, तो फसला, कारण पुरेशी दमदार वीजच हाताशी नव्हती. जमलं ते कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल याला. सुती आवरणाची तार अंधारात जांभळी चमकताना त्याला दिसली; तंतूंच्या टोकांतून वीज हवेत झिरपत होती. गंधकाम्लाचं धुकं पकडण्यापासून त्याने सुरुवात केली, १९०८ मध्ये पेटंट मिळवलं, मग सिमेंटची धूळही पकडली. रचना आजही तीच आहे. मधे हजारो व्होल्टची तार, बाजूला पत्रे. भारित कण पत्र्याला चिकटतात. ठरावीक वेळाने हातोडा पत्र्यावर आपटतो आणि साचलेला थर धपकन खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, पडतो. तारेतली वीज काढली, की उरतो तो नुसता पत्र्यांचा बोगदा.

देशात हवा कायदा आला १९८१ मध्ये. गोवा राज्य झालं १९८७ ला, प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच्या पुढच्या वर्षी. कोळशावरचे स्पंज आयर्नचे (खनिजातून काढलेल्या सच्छिद्र लोखंडाचे) कारखाने, भट्ट्या, रोलिंग मिल यांच्या धुराड्यांना ही यंत्रं बसली. पण गोव्याची सगळ्यात मोठी धूळ धुराड्यातून आलीच नाही. ती डिचोली-सांगेच्या खाणींवरून जेटीकडे धावणाऱ्या ट्रकांच्या चाकांतून उडाली. तिला ना तोंड ना नळी; ईएसपी बसवणार कुठे? टँकरने पाणी मारायचं, ट्रकवर ताडपत्री बांधायची, एवढाच इलाज. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा रस्त्याकडेच्या काजूची पानं बऱ्याच वर्षांनी हिरवी दिसली, आणि घराघरांतले ट्रक अंगणात उभे राहिले.

आतेच्या तुळशीचं म्हणाल, तर जूनपासून तिला पावसाचा फुकटचा स्क्रबर मिळतो. तेवढे चार महिने ती तक्रार करत नाही. रात्री मशीन चालू असतं का, हे तेव्हा तिलाही कळत नाही.