डिझेल मिस्त्रीकाम (खानदेश)

ट्रक, बस, ट्रॅक्टर आणि विहिरीवरची पाणी ओढणारी इंजिने दुरुस्त करण्याचा खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) व्यवसाय. गॅरेजच्या पाटीवर ‘मेकॅनिक’ लिहिलेले असते, पण हाक मारताना ‘मिस्त्री’ हाच शब्द येतो. जुन्या पिढीतल्या अनेकांचा हात मळ्यातल्या इंजिनांवर बसला. हँडल मारून सुरू होणारे एका सिलिंडरचे ते इंजिन ज्याने उघडून पुन्हा जोडले, त्याला ट्रकचे सहा सिलिंडर परके वाटले नाहीत.

हा व्यवसाय इथे फोफावला तो रस्त्यांमुळे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. धुळ्याहून बहुतेक दिशांना घाट लागतो: नाशिककडे लळिंग, इंदूरकडे बिजासन, सुरतेकडे कोंडाईबारी, संभाजीनगरकडे चाळीसगावपुढचा कन्नड घाट. चढावर इंजिन आणि क्लचची परीक्षा होते, उतारावर ब्रेकची. सतत ब्रेक दाबून चाकातला ब्रेकचा ड्रम तापला की त्यावर घासणाऱ्या ब्रेक-लायनरची पकड सुटत जाते. म्हणून घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, हे मिस्त्री प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगतो. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. ब्रेकचे काम करताना घाई नको, असे जाणते मिस्त्री बजावतात ते उगाच नाही.

रस्त्यांच्या जोडीला इथले ऊन. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्याच उन्हात रावेर, सावदा, यावल भागातून केळीचे ट्रक उत्तरेकडे निघतात. केळी कुणासाठी थांबत नाही. ‘काय व्हयनं, भाऊ?’ असे विचारताच ड्रायव्हर गाडी तापत असल्याचे सांगतो. मिस्त्री आधी इंजिन निवू देतो, रेडिएटरच्या टोपणाला हात लावत नाही. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतले तर हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) तडा जाऊ शकतो. मग जाळीत बसलेली धूळ, पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट अशी तपासणी होते. पाणी कमी होते पण बाहेर गळत नाही, असे दिसले की संशय हेडखालच्या पातळ पत्र्यावर, हेड गॅसकेटवर जातो.

निदान हा या कामाचा गाभा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते, तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा, दाब आणि फवारा या तिन्हींपैकी काय चुकले हे धूर सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. बहुधा एअर फिल्टर चोंदलेला असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो पाहावा. पांढरा धूर गार इंजिनात न जळलेल्या डिझेलचा असतो, पण गरम झाल्यावरही टिकला तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असावे. आवाजासाठी लांब पेचकसाचे टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावतात. टॅपेटची टकटक आणि बेअरिंगचा ठोका यांतला फरक असा ऐकून ऐकूनच कळतो.

जुन्या डिझेल पंपाच्या गाडीत मंदावलेला सिलिंडर शोधायची रीत अशी : इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट किंचित सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. फरक पडला नाही तर दोष तिथेच. टाकी कोरडी झाल्यावर लाइनमध्ये हवा धरते तेव्हाही नट ढिला करून हातपंप मारतात. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी अखंड धार आली की नट आवळायचा.

कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेल) डिझेल देणाऱ्या नव्या गाड्यांत मात्र चालू इंजिनावर ही सवय जिवावर बेतू शकते. जुनी नोझल साधारण २०० बारला उघडत असे. नव्या रेलमध्ये १,६०० बार आणि त्याहून अधिक दाब असतो. ती धार कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे कडक नियम लागू झाल्यावर धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावण (३२.५ टक्के), सेन्सर आणि स्कॅनर सर्रास कामात आले. स्कॅनर दोषाचा कोड दाखवतो. पण सेन्सर बिघडला, वायर घासली की खरोखर दाबच कमी आहे, हे शोधायला माणूसच लागतो.

एक गाडी एकाच हातून दुरुस्त होत नाही. इंजिन मिस्त्री, पंप-नोझलवाला, कमानपाटेवाला (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे काम करणारा), लेथवाला, रेडिएटरवाला आणि वायरमन अशी कामे वाटलेली असतात. फुल इंजिन काम निघाले की चेनकप्पीने इंजिन उतरवतात, सिलिंडरचे लायनर (आतले अस्तर) आणि पिस्टन बदलतात, क्रँक लेथवर जातो.

एसटीची घडी वेगळी आहे. महामंडळाचे धुळे व जळगाव असे दोन विभाग असून नंदुरबार जिल्ह्यातील आगारे धुळे विभागात येतात. रोजची देखभाल आगारात होते आणि मोठी कामे विभागीय कार्यशाळेत. दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. मुक्कामाची गाडी पहाटे सुटण्याआधी रात्रपाळीचा कारागीर तिचे ऑइल, पाणी आणि टायरमधली हवा पाहतो. सकाळी कॉलेजला जाणाऱ्या गावोगावच्या मुलांचा दिवस त्याच्यावर अवलंबून असतो, आणि त्याचे नाव त्यांना ठाऊकही नसते.

काम शिकण्याच्या वाटा दोन. आयटीआयमधील ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यानंतर शिकाऊ उमेदवारी. नाहीतर उस्तादाच्या हाताखाली. तिथे पोरगा आधी भाग डिझेलने धुतो आणि पाने हातात देतो. उस्तादाने न सांगता चौदा-पंधराचा पाना पुढे आला, की मग त्याला नट उघडायला मिळतो.

धोके रोजचे आहेत. डिझेलच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवले, तरी बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम होते. जळक्या ऑइलने कातडी फुटते. सर्वांत वाईट सवय म्हणजे नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे. जॅकचे सील फुटले तर बाहेर यायला वेळ मिळत नाही. घोडी (गाडीला टेकू देणारा लोखंडी स्टँड) आणि चाकाला लाकडी गुटके लावल्याशिवाय पोराला गाडीखाली जाऊ न देणारे उस्ताद याच भागात आहेत.