नळीच्या झाकणाचा रंग आणि रिपोर्टमधला आकडा

रात्री बाराला इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाल्ले आणि सकाळी सातला ‘फास्टिंग’ शुगरसाठी रक्त दिलं, तर तो आकडा फास्टिंगचा नव्हेच. किमान 8 तास पोट रिकामं हवं. साधं पाणी चालतं, चहा नाही. इंदूरच्या घरांत एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. रक्त नळीत गेल्यावर त्याचं काय होतं, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही, आणि आकडे बऱ्याचदा तिथेच बिघडतात.

पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त अर्धा तास गोठू देतात. मग ती यंत्रात फिरवली की वर राहतं ते सीरम. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए हे पोटॅशियमयुक्त रसायन असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. ही नळी फिरवली तर वर येतो प्लाझ्मा. त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बनवणारं प्रथिन, शिल्लक असतं. सीरममधलं गुठळीत खर्ची पडलेलं असतं.

जांभळी नळी भरल्याबरोबर 8 ते 10 वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायला हवी. ते राहिलं की बारीक गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यांत अडकतात आणि यंत्र कमी संख्या दाखवतं. डेंग्यूच्या दिवसांत अशा एका रिपोर्टने सारं घर हादरतं! उलट जोरात हलवली तर लाल पेशी फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं, म्हणून पिवळ्या नळीतलं रक्त असं फुटलं की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. जांभळ्या नळीतलं रक्त पिवळीत ओतणं तर कधीच करू नये: पोटॅशियम वाढतं, कॅल्शियम घसरतं. अनपेक्षितपणे ही जोडी एकत्र दिसली, तर औषधाआधी नमुना पुन्हा द्यावा.

शुगरची नळी करड्या झाकणाची. नळीतल्या पेशीही साखर खातच असतात. साध्या तापमानाला तासाला सुमारे 5 ते 7 टक्के. करड्या नळीतलं फ्लोराइड ते थांबवतं, पण पूर्ण परिणामाला तास-दोन तास लागतात. म्हणून मे महिन्यात घरून नमुना नेणाऱ्याकडे थंड पेटी आहे ना, हे जरूर विचारावं.

एचबीए1सीला, म्हणजे लाल पेशींवरून दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीला, उपाशी राहावं लागत नाही. पण झाबुआ-अलीराजपूरकडे आढळणारा सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर लाल पेशी नेहमीचे 120 दिवस जगतच नाहीत आणि आकडा फसवा कमी येतो. अशा रुग्णाने डॉक्टरांना आधीच सांगावं. त्यांना फ्रुक्टोसामिन तपासता येतं; ते लाल पेशींवर अवलंबून नसतं.