तापलेला पत्रा उपग्रहाला का दिसत नाही?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की शहरांचे रंगीत ‘उष्णता नकाशे’ मोबाइलवर फिरू लागतात. उपग्रहाने टिपलेल्या या नकाशांत लाल भाग तापलेला आणि निळा भाग गार, असा सरळ अर्थ लावला जातो. पाणपोई कोठे घालायची, झाडे कोठे लावायची आणि कोणाची छपरे आधी पांढरी करायची, हे अशा नकाशांवरूनच ठरवावे, असा आग्रहही वाढतो आहे. नकाशाला माझा विरोध नाही. परंतु तो ज्या भौतिक नियमावर उभा आहे, तोच नियम गरिबाच्या पत्र्याच्या घराला त्या नकाशातून पुसून टाकू शकतो, आणि ही गोष्ट शहर आखणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

गेल्या मे महिन्यात जळगावातील एका परिचित कुटुंबाच्या घरी दुपारी तीनच्या सुमारास मी इन्फ्रारेड तापमापक घेऊन गेलो होतो. भिंती विटांच्या आणि वर नुकताच टाकलेला कोरा जस्ती पत्रा. तापमापक आतून पत्र्यावर रोखला तेव्हा आकडा आला ४७. घरातल्या ताई म्हणाल्या, “दादा, तुमचं यंत्र चुकतंय. पत्र्याला हात लावून बघा.” हात लावला आणि तत्क्षणी मागे घ्यावा लागला. मग वायरमन वापरतात त्या काळ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा पत्र्याला आतून चिकटवला, दोन मिनिटे थांबलो आणि पुन्हा नेम धरला. आता आकडा होता ६२. पत्रा तोच, वेळ तीच. फरक केवळ पृष्ठभागाचा.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बाहेर टाकत असते, आणि माझा तापमापक तेच किरण मोजून आकडा सांगत होता. हे उत्सर्जन केल्व्हिनमधील तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा स्टीफन-बोल्ट्झमन नियम. मात्र एकाच तापमानाचे दोन पृष्ठभाग सारखीच उष्णता बाहेर टाकतात असे नाही; त्यांची उत्सर्जकता निराळी असते. आदर्श काळ्या पृष्ठभागाची उत्सर्जकता १ मानली, तर माती, वीट, चुना, माणसाची त्वचा आणि ती काळी पट्टी ०.९ च्या आसपास किंवा वर असतात, तर कोरा जस्ती पत्रा जेमतेम ०.२५ ते ०.३ वर असतो. ६५ अंश सेल्सिअसला आदर्श पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ७४० वॅट उष्णता बाहेर टाकतो. जस्ती पत्रा त्याच तापमानाला २०० वॅटच्या आसपासच टाकतो. चकचकीत पत्रा ऊन परतवतो म्हणून गार राहतो, हा समज येथेच कोसळतो. तो काही ऊन परतवतो हे खरे, परंतु जे शोषतो ते किरणांवाटे सोडण्याची त्याला ताकद नसते, म्हणून येणी-जाणी जुळेपर्यंत तो तापतच जातो. चुन्याची ताजी सफेदी बहुतांश ऊन परतवते आणि उरलेली उष्णता ०.९ उत्सर्जकतेने मोकळीही करते. रंग आणि उत्सर्जकता या दोन वेगळ्या गोष्टी तिच्यात एकत्र येतात. घरात चुलीचा धूर असेल तर पत्र्याची खालची बाजू काजळते, तिची उत्सर्जकता वाढते आणि पत्रा आकाशाऐवजी खाली बसलेल्या माणसांवर उष्णता ओततो.

आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांत हे गणित उलटे होते. जाड मातीच्या धाब्यातून दुपारचे ऊन आत झिरपायला कित्येक तास लागत, आणि रात्री तीच माती ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात आकाशाकडे उष्णता सोडत असे. या पट्ट्यात हवा बरीचशी पारदर्शक असते, आणि खान्देशातील मे महिन्याच्या कोरड्या हवेत तर अधिकच. घरातली माणसे धाब्यावर झोपत, त्यामागे हे भौतिकशास्त्र होते.

आता उपग्रहाकडे येऊ. लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह जमिनीचे तापमान थेट मोजत नाहीत. ते येणारे अवरक्त किरण मोजतात आणि उत्सर्जकता गृहीत धरून तापमान काढतात. त्यांच्या औष्णिक चित्रातील एक चौकोन १०० मीटरचा, म्हणजे एका हेक्टरचा असतो, आणि त्यात पत्रे, रस्ता, नाला, बाभूळ असे सगळे मिसळते. उत्सर्जकतेची दुरुस्ती केली जाते, पण त्यासाठी वापरले जाणारे ‘ॲस्टर’ या उपकरणाचे आकडे २००० ते २००८ या काळातील निरीक्षणांचे आहेत. त्यानंतर शेताच्या जागी पत्र्यांची वस्ती उभी राहिली असेल, तर हिशेब मातीच्या उत्सर्जकतेने होतो आणि पत्र्यांची वस्ती आहे त्याहून गार दिसते. गंजलेला पत्रा बराचसा खरे सांगतो. कोरा पत्रा लपवतो. शिवाय हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास जातात. त्या वेळी शहराभोवतीची नांगरलेली, कोरडी काळी शेते शहरापेक्षा अधिक तापलेली असू शकतात, त्यामुळे नकाशात शेते लाल आणि दाट वस्ती निळसर दिसते. भिंतींतली उष्णता रात्री अकराला कशी छळते, ते या चित्रात येतच नाही. हवामान खात्याचा आकडाही झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या, सावलीतल्या हवेचा असतो.

याच दिवसांत नवतपाचे, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे नऊ दिवस सर्वाधिक तापतात असे सांगणारे, संदेशही येतात. जळगावचा अक्षांश २१ अंशांचा असल्याने २५ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, एवढे खरे; रोहिणी नक्षत्राचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. खिशातला कांदाही उष्माघात रोखत नाही. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने गार होते, म्हणून पाणी, सावली आणि वारा लागतो.

अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना सफेदीही दिली. खान्देशातील शहरांनी हे करताना यादी केवळ नकाशावरून काढू नये. प्रत्येक प्रभागात पत्र्याखालच्या काही घरांत साधे तापमापक टांगावेत, दुपारी तीन आणि रात्री अकराचे आकडे आशा सेविकांनी महिनाभर गोळा करावेत आणि ते उपग्रहाच्या चित्रावर बसवावेत. उष्णतेचा इशाराही मोबाइलवर पाठवून काम संपत नाही. त्या ताईंच्या घरात मोबाइल एकच आहे, आणि तो दिवसभर एमआयडीसीत, पतीच्या खिशात असतो. इशारा पत्र्याखाली बसलेल्या बाईपर्यंत पोचवायचा तर दुपारी बारापूर्वी गल्लीत भोंगा फिरला पाहिजे.

पत्रा दिवसा प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो, त्यामुळे चुना त्यावर फार टिकत नाही. तो दर वर्षी मार्चअखेर पुन्हा द्यावा लागतो, किंवा पत्र्याला धरून राहणारा पांढरा रंग वापरावा लागतो. ही सफेदी मिळाल्यावर पत्र्याची वरची बाजू ०.९ च्या घरात जाते, आणि मग त्या छपराचे तापमान उपग्रहालाही बरेचसे खरे वाचता येते.