हमात्साचे मुखवटे नरभक्षकांचे नव्हेत

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व लोकांचे लांब चोचीचे लाकडी मुखवटे दाखवून 'ही माणसं नरभक्षक होती' असं शंभरहून अधिक वर्षं सांगितलं जातंय. हा साफ गैरसमज आहे. हे मुखवटे ज्या हमात्सा नाचात घालतात, त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. माणसं खाणाऱ्या आत्म्यानं झपाटलेला तरुण रानातून परततो आणि त्याचे लोक नाचगाण्यांतून, टप्प्याटप्प्यानं, त्याला शांत करत पुन्हा माणसांत आणतात. मुखवटे असतात ते त्या आत्म्याच्या सोबती पक्ष्यांचे: डोमकावळा, वाकड्या चोचीचा पक्षी आणि चोचीनं कवटी फोडणारा हुक्सहुक्व. सीडरचं हलकं लाकूड, त्याच्याच सालीच्या तंतूंची झुलती झालर. नाचणारा दोरी ओढतो आणि शेकोटीच्या उजेडात ती भली मोठी चोच खाडकन मिटते. किती विलक्षण कारागिरी!

आणि अशा कलेला 'रानटी' ठरवून कॅनडानं १८८५पासून पॉटलॅचवर, म्हणजे असे नाच आणि भेटवस्तूंचं वाटप होणाऱ्या समारंभांवर, बंदी लादली. १९२१च्या एका समारंभानंतर मुखवटे जप्त झाले, माणसं तुरुंगात गेली. बंदी सुटली १९५१मध्ये. जप्त झालेल्यांपैकी बरेच मुखवटे आता अलर्ट बे गावातल्या उमिस्ता केंद्रात परतले आहेत. हमात्सा आजही नाचला जातो.