एक टिंब, दोन सूर

ऑर्केस्ट्रातल्या हॉर्न या पितळी फुंकवाद्याच्या दुसऱ्या किंवा चौथ्या वादकासमोर अनोळखी संगीताचं पान आलं आणि त्यात मध्येच बेस क्लेफ (पाच रेषांवरची टिंबं खालच्या सुरांची आहेत असं सांगणारी खूण) दिसला, की वाजवण्याआधी त्याला एक प्रश्न सोडवावा लागतो: हे टिंब वरच्या सप्तकातलं की खालच्या? पानावर याचं उत्तर बहुतेकदा नसतंच.

पाश्चात्त्य संगीतात सुरांना ए ते जी ही अक्षरं असतात. एफ हॉर्नवर, म्हणजे ज्याच्या नळीचा मूळ सूर एफ आहे त्यावर, लिहिलेला 'सी' वाजवला की ऐकू येतो 'एफ'. ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे वरच्या सुरांच्या खुणेत, ऐकू येणारा सूर लिहिलेल्यापेक्षा पंचमाइतका, म्हणजे सा-प या अंतराइतका, खाली असतो. बेस क्लेफमध्ये मात्र दोन रिती आहेत. जुन्या रितीत सूर लिहिलेल्यापेक्षा सा-म इतका वर वाजतो. नव्या रितीत ट्रेबलसारखाच सा-प इतका खाली. दोन्हींकडे सूर एफच, पण फरक बरोबर एका सप्तकाचा.

हा घोळ का झाला, ते हॉर्नच्या नळीत दडलं आहे. एफ हॉर्नची नळी सुमारे 3.7 मीटर लांब. तिचा मूळ सूर साधारण 44 हर्ट्झचा, आणि ओठांचा ताण बदलत गेलं की त्याच्या पटीतले सूर निघतात: 87, 131, 175, 218, 262 आणि पुढे. वर जावं तसे हे सूर एकमेकांजवळ येतात, म्हणून तिथे धून वाजवता येते. खाली मात्र ओसाड. 44 आणि 87 यांच्यामध्ये अख्खं सप्तक आहे आणि त्यात नळीचा आपला असा एकही सूर नाही. कसलेले वादक ओठ सैल करून तिथून एखादा सूर ओढून काढत, पण व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणाऱ्या कळा, नव्हत्या तेव्हा बेस क्लेफची गरज पडे ती अशा एक-दोन सुरांपुरतीच. तेवढ्यासाठी लिपीची शिस्त कोण लावत बसणार?

जुनी रीत चुकीची होती, असं अनेकदा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. सी सुराच्या लांब नळीचं हॉर्न घ्या. जुन्या बेस क्लेफमध्ये त्याचा सूर जसा लिहिला तसाच वाजतो. ट्रेबल क्लेफमध्ये तो लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. म्हणजे सरळ वागतो तो बेस क्लेफ. वाचायला सोयीचं म्हणून एक सप्तक वर चढवून लिहिलंय ते ट्रेबलमध्ये!

संगीतकार बेथोव्हनने 1800 साली जोवान्नी पुंटो या हॉर्नवादकासाठी सोनाटा (हॉर्न आणि पियानोची रचना) लिहिला, त्यातले खालचे सूर जुन्या रितीनेच लिहिलेले आहेत. पुढे श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोन वादकांनी 1818 मध्ये बर्लिनला व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. बोटाच्या दाबाने नळीची लांबी बदलू लागली, खालची पोकळी बरीचशी भरली आणि धून थेट खाली उतरू लागली. आता जुनी रीत टोचायला लागली. ट्रेबलमधल्या मधल्या सी वरून अर्धा स्वर खाली उतरून बी वर यायचंय, आणि नेमका तिथेच क्लेफ बदलला, असं समजा. नव्या रितीत तो बी बेसच्या पाच रेषांच्या अगदी डोक्यावर बसतो. जुन्या रितीत तो दुसऱ्या रेषेवर दिसतो. कानाला अर्ध्या स्वराचं पाऊल, डोळ्यांना सप्तकाहून मोठी उडी.

तरीही जुनी रीत लगेच सुटली नाही. संगीतकार रिचर्ड स्ट्राउसचे वडील म्युनिकच्या दरबारी ऑर्केस्ट्रात हॉर्नवादक होते, त्यामुळे हे वाद्य त्याच्या घरातलंच. तोही खालच्या सुरांसाठी जुनीच रीत वापरत राहिला.

मग वादक ओळखतो कसा? बेसच्या रेषांखाली दोन जादा रेषा ओढून लिहिलेला सी नव्या रितीने वाचला, तर तो नळीचा मूळ सूर, 44 हर्ट्झ. लिखाण त्याच्याही खाली जात असेल तर रीत बहुधा जुनी. उलट, बेसच्या सगळ्यात वरच्या घरातला जी जुन्या रितीने वाचला तर 262 हर्ट्झचा सूर निघतो. तो ट्रेबलच्या दुसऱ्या रेषेवर आरामात बसला असता. त्यासाठी क्लेफ कुणी बदलत नाही. तेव्हा ती नवी रीत.

खरी कसोटी या दोन टोकांमधल्या सुरांची. तिथे चूक झाली तरी कानाला खटकेलच असं नाही, कारण सप्तक बदललं तरी सूर तोच राहतो. पण सी-ई-जी या स्वरमेळात सी सगळ्यात खाली असताना हॉर्नचा ई एक सप्तक घसरून त्याच्याही खाली गेला, तर मेळाचा पायाच बदलतो. अशा वेळी बासून, चेलो, डबल बास ही खालच्या सुरांची वाद्यं काय वाजवताहेत ते सगळ्या वाद्यांच्या पूर्ण स्वरलेखात पाहावं लागतं.

आज लिहिणाऱ्यांनी नवी रीत वापरावी, हे आता बहुतेकांना मान्य आहे. पण नुसती वापरून भागत नाही. जुनं आणि नवं संगीत एकाच वादकाच्या एकाच स्टँडवर येतं, तेव्हा पहिल्या बेस क्लेफच्या डोक्यावर 'नवी रीत' एवढे दोन शब्द लिहायलाच हवेत.